फिरोजशाह मेहता

सर फिरोजशाह मेरवानजी मेहता (४ ऑगस्ट, १८४५ - ५ नोव्हेंबर, १९१५) हे मुंबईतील नामांकित बॅरिस्टर, भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या मवाळ गटाचे पुढारी आणि मुंबई महापालिकेच्या आधुनिक रचनेचे एक प्रमुख शिल्पकार होते. १८९०च्या कलकत्ता अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. प्रांतिक व केंद्रीय कायदेमंडळांतही त्यांनी काम केले. परंतु त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा सर्वांत मोठा भाग महापालिकेच्या सभागृहात गेला. १८७३मध्ये निवडणुकीच्या तत्त्वावर महापालिका अस्तित्वात आली तेव्हापासून मृत्यूपर्यंत, १९०७ मधील एक छोटा खंड वगळता, ते तिच्याशी सदस्य म्हणून जोडलेले होते. मुंबईचा सिंह आणि मुंबईचा अनभिषिक्त राजा ही बिरुदे त्यांना लोकांनी दिली होती.

जन्म आणि शिक्षण

मेहता यांचा जन्म मुंबईत एका सुखवस्तू पारशी व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे वडील मेरवानजी हे कामा कंपनीच्या पेढीत भागीदार होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४मध्ये ते पदवीधर झाले आणि त्यानंतर लवकरच त्यांनी एम.ए.ची परीक्षा दिली. ही पदवी मिळविणारे ते पहिले पारशी होत. कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा त्यांच्यावर लोभ होता. रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी भारतीयांना बॅरिस्टर होण्यासाठी ठेवलेली शिष्यवृत्ती त्यांना मिळाली व ते इंग्लंडला गेले. पुढच्याच वर्षी मुंबईतील कापसाचा सट्टा कोसळला. त्यात देणगीदारांची पेढीही सापडली आणि शिष्यवृत्तीचा आधार मध्येच तुटला. तरीही मेहता यांनी लिंकन्स इन येथील शिक्षण पूर्ण केले. लंडनच्या वास्तव्यात दादाभाई नौरोजी यांच्याभोवती जमलेल्या तरुण भारतीयांत त्यांचा समावेश होता. उमेशचंद्र बॅनर्जी आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याशी त्यांचा स्नेह तेथेच जुळला. १८६८मध्ये ते बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले.

वकिलीत त्यांचा जम उच्च न्यायालयापेक्षा मुफसलात, विशेषतः गुजरात व काठियावाडात, अधिक बसला. १८७८मध्ये लायसन्स टॅक्सविरुद्ध झालेल्या सुरतच्या दंग्यातील आरोपींचा बचाव त्यांनी केला. त्या खटल्याने त्यांचे नाव गुजरातभर झाले.

क्रॉफर्ड यांचा कारभार आणि १८७१ची चळवळ

मेहता मुंबईस परतले तेव्हा शहराचा कारभार १८६५च्या कायद्यानुसार चालत होता. शहरातील जस्टिस ऑफ द पीस या पदवीधारकांचे मंडळ हीच तेव्हाची नगरपालिका होती. हे जस्टिस सरकारनियुक्त असत आणि लोकांना त्यांच्या निवडीत काहीही स्थान नव्हते. कार्यकारी व आर्थिक व्यवहाराची जवळजवळ सर्व सूत्रे सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती होती. आर्थर क्रॉफर्ड हे या पदावरील पहिले अधिकारी होते. त्यांनी रस्ते रुंद केले, गटारांची कामे काढली, बाजार बांधले आणि शहराची स्वच्छता मनावर घेतली. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडई १८६९मध्ये पूर्ण झाली. (पुढे या मंडईला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. फुले स्वतः १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते.) मात्र या सर्व कामांवर उत्पन्नाचा विचार न करता खर्च करण्यात आला. कापसाच्या तेजीत चढलेली शहराची मिळकत तेजी ओसरल्यावर आटली, नगरपालिका कर्जात बुडाली आणि घरपट्टीचा बोजा वाढला.

१८७१मध्ये करदात्यांचा रोष उघड झाला. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे लोकप्रिय पुढारी या चळवळीच्या अग्रभागी होते. आयुक्ताचे अधिकार काढून घ्यावेत व कार्यकारी सत्ता एका नगरसमितीकडे सोपवावी, अशी बहुसंख्यांची मागणी होती. २६ वर्षांच्या मेहता यांनी या प्रश्नावर वेगळी भूमिका घेतली. नोव्हेंबर १८७१मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी क्रॉफर्ड यांच्या कामाची बाजू मांडली. त्यांच्या मते दोष एका व्यक्तीच्या हाती कार्यकारी सत्ता असण्यात नव्हता. त्या व्यक्तीला जाब विचारणारी, करदात्यांनी निवडलेली सभा नव्हती, हा खरा दोष होता. अनेक जणांच्या समितीने रोजचा कारभार हाकला तर काम मंदावेल आणि चुकीची जबाबदारी कोणावरच येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. यावर त्यांनी सुचविलेला उपाय असा: करदात्यांनी निवडलेली सभा, सरकारने नेमलेला एकच जबाबदार कार्यकारी अधिकारी आणि हिशेबांवर स्वतंत्र नियंत्रक.

श्रोत्यांना हे रुचले नाही. क्रॉफर्ड यांच्यावर संतापलेल्या सभेत वक्त्याची हुर्यो उडविण्यात आली. लोकनियुक्त सभेची मागणी करणारा तरुण लोकांकडूनच उपहासाचा विषय झाला. असे असले तरी १८७२च्या कायद्याने घेतलेली दिशा त्या निबंधातील मांडणीशी बरीच जुळणारी होती. क्रॉफर्ड यांची पुढील कारकीर्द मात्र वाईट रीतीने संपली. मध्य विभागाचे आयुक्त असताना मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपांवरून १८८८मध्ये त्यांची चौकशी झाली आणि त्यांना सेवेतून जावे लागले. महाराष्ट्रात गाजलेले क्रॉफर्ड प्रकरण ते हेच.

पहिली निवडून आलेली महापालिका

१८७२च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका स्थापन झाली. त्यांपैकी ३२ सदस्य करदात्यांनी, १६ जस्टिसांनी निवडावयाचे होते आणि १६ सरकार नेमणार होते. हिशेब व खर्चावर देखरेख ठेवण्यासाठी १२ जणांची नगर परिषद होती. तिचा अध्यक्ष मात्र सरकारच नेमत असे. आयुक्ताचे पद कायम राहिले, पण पैशाच्या मंजुरीसाठी त्याला सभेपुढे यावे लागू लागले. मताधिकार ठरावीक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यांपुरताच होता. त्यामुळे चाळींत राहणारा गिरणी कामगार, हमाल, फेरीवाला व बहुतेक भाडेकरू या निवडणुकीच्या बाहेरच राहिले. त्या काळी भारतातील दुसऱ्या फार थोड्या शहरांना एवढा अधिकार मिळाला होता, हेही खरे.

नवी महापालिका १८७३मध्ये कार्यरत झाली आणि मेहता तिचे सदस्य झाले. लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव १८८२मध्ये काढला, तेव्हा मुंबईला अशा कारभाराचा जवळपास दशकभराचा अनुभव होता. १८८४ आणि १८८५मध्ये मेहता महापालिकेचे अध्यक्ष झाले. बोरीबंदर स्थानकासमोरील महापालिका इमारतीची कोनशिला ९ डिसेंबर १८८४ रोजी रिपन यांच्या हस्ते बसविण्यात आली. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही वास्तू १८९३मध्ये पूर्ण झाली. जानेवारी १८८५मध्ये मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली. एक पारशी, एक हिंदू व एक मुसलमान अशा या त्रयीकडे पुढील काही वर्षे मुंबईच्या राजकारणाचे नेतृत्व होते.

१८८८चा महापालिका कायदा

१८८०च्या दशकात सरकारने महापालिकेविषयीचे कायदे एकत्र करून सुधारण्याचे ठरविले. पुढे आलेल्या विधेयकात आयुक्ताचे स्थान बळकट करून सभेचे अधिकार आखडते घेण्याकडे कल होता. गव्हर्नर लॉर्ड रे यांनी १८८७मध्ये मेहता यांची मुंबई कायदेमंडळावर नियुक्ती केली; तेलंग तेथे आधीपासूनच सदस्य होते. विधेयकावरील कलमवार चर्चेत दोघांनी मिळून भाग घेतला. १८७१मध्ये आयुक्तपदाचे समर्थन करणारे मेहता आता आयुक्ताला सभेच्या बरोबरीचे स्थान देण्यास विरोध करत होते. याला काहींनी विसंगती म्हटले असले तरी त्यांची मूळ भूमिका बदललेली नव्हती. काम एकाने करावे आणि अंतिम सत्ता सभेची असावी, हे त्यांचे सूत्र दोन्ही वेळा तेच होते.

१८८८च्या कायद्यात हे सूत्र बऱ्याच अंशी उतरले. महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशी तीन प्राधिकरणे मान्य झाली. शहराचे शासन महापालिकेकडे असल्याचे कायद्याने स्पष्ट केले आणि कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे ठेवले. आयुक्ताला सभेत बसण्याचा व चर्चेत बोलण्याचा अधिकार मिळाला, मात्र मत देण्याचा किंवा ठराव मांडण्याचा मिळाला नाही. त्याची नेमणूक सरकार करणार होते. पण ७२ पैकी ४५ सदस्यांनी मागणी केल्यास त्याला परत बोलाविणे सरकारवर बंधनकारक झाले. जुन्या नगर परिषदेची जागा १२ जणांच्या स्थायी समितीने घेतली. अंदाजपत्रक आयुक्ताने तयार करावे, स्थायी समितीने ते तपासावे आणि महापालिकेने मंजूर करावे, असा क्रम ठरला.

सदस्यसंख्या ७२ झाली. त्यांत प्रभागांतून करदात्यांनी निवडलेले ३६, जस्टिसांनी निवडलेले १६, विद्यापीठाचे फेलो व चेंबर ऑफ कॉमर्स यांचे प्रत्येकी २ आणि सरकारनियुक्त १६ सदस्य असत. म्हणजे निम्म्या जागाच थेट करदात्यांच्या होत्या. आयुक्ताची नेमणूक सभेऐवजी सरकारने करणे हा या रचनेतील कायमचा वादाचा मुद्दा राहिला आणि स्वातंत्र्यानंतरही त्यावर चर्चा होत राहिली. वेळोवेळी दुरुस्त्या होऊनही मुंबई महापालिकेचा कारभार आजपर्यंत याच कायद्याखाली चालत आला आहे. फिरोजशाह मेहता यांना मुंबईच्या नगरशासनाचे जनक म्हटले जाते ते प्रामुख्याने या कायद्यामुळे.

सभागृहातील कार्य

महापालिकेपुढे येणारे विषय बहुधा रोजच्या गरजांचे असत: पाणी, गटारे, कचरा, दिवाबत्ती, घरपट्टी, मैला वाहून नेण्याबद्दल आकारला जाणारा हलालखोर कर, प्राथमिक शाळा, दवाखाने. विहार तलावाचे पाणी १८६०मध्ये शहरात आले होते, परंतु वाढत्या वस्तीला ते अपुरे पडू लागले. १८७९मध्ये तुळशी तलाव झाला व १८९२मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा तलावाची मोठी योजना पूर्ण झाली. अशा कामांसाठी कर्ज किती काढावे आणि त्याची फेड कोणत्या करातून करावी, यावर सभेत दीर्घकाळ वाद चालत.

मेहता कार्यपत्रिकेवरील विषयांचे कागद बारकाईने वाचून येत. सभेचे नियम व कायद्याची कलमे त्यांना मुखोद्गत होती. उपरोधाचा वापर ते सढळपणे करत आणि आवाजही भारदस्त होता. दिनशा वाच्छा यांचा अर्थविषयक अभ्यास त्यांना पूरक ठरे. आकडे वाच्छांनी मांडावेत आणि वाद मेहता यांनी लढवावा, अशी जणू कामाची वाटणीच झाली होती. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, इब्राहिम रहिमतुल्ला, चिमणलाल सेटलवाड ही त्या काळच्या महापालिकेतील आणखी काही ठळक नावे.

सरकारशी सर्वांत दीर्घकाळ चाललेला वाद पोलीस खर्चाचा होता. शहराचे पोलीस दल सरकारच्या हुकमतीखाली असे. त्याच्या नेमणुकांत व शिस्तीत महापालिकेला काहीही अधिकार नव्हता. असे असताना खर्चाचा हिस्सा मात्र करदात्यांकडून वसूल होई. जेथे नियंत्रण नाही तेथे खर्चाचा भार नको, ही मेहता यांची भूमिका होती. उलट शिक्षण व आरोग्य हे शहराच्या लोकांनी स्वतः पाहण्याचे विषय आहेत, असे ते मानत. अनेक वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर आणि वादानंतर १९०७च्या कायद्याने पोलीस खर्च सरकारने स्वतःकडे घेतला आणि त्याबदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदतीची जबाबदारी महापालिकेवर आली. मुंबईतील महापालिकेच्या शाळा व रुग्णालयांच्या पुढील विस्ताराला हा बदल पायाभूत ठरला.

१८९६मध्ये मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची (प्लेगची) साथ आली. हजारो लोक शहर सोडून गेले, गिरण्या ओस पडल्या आणि दाटीवाटीच्या वस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यावर सरकारने १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. नवे रस्ते काढणे, गलिच्छ वस्त्या पाडणे व घरे बांधणे ही कामे तिच्याकडे गेली. ट्रस्टवर महापालिकेचे थोडेच प्रतिनिधी होते, पण तिच्यासाठी महापालिकेच्या तिजोरीतून पैसा द्यावा लागे. त्यामुळे दोन्ही संस्थांत खटके उडत राहिले. १९३३मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाली.

या काळातील महापालिकेवर इतिहासकारांनी टीकाही केली आहे. सभेत घरमालक, व्यापारी व वकील यांचे प्राबल्य होते आणि घरपट्टी वाढविण्यास त्यांचा स्वाभाविक विरोध असे. उत्तरेकडील गिरणगावाच्या वस्त्यांना गटारे व पाणी उशिरा मिळाले. प्लेगने याच वस्त्यांत मोठे थैमान घातले. मेहता यांचा लढा प्रामुख्याने सभेच्या अधिकारांसाठी होता. त्या सभेत मजुरांना जागा असावी, हा प्रश्न त्यांच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी कधी आला नाही.

१९०७ची कॉकस निवडणूक

महापालिकेवरील मेहता यांचे वर्चस्व युरोपीय अधिकारी व व्यापारी वर्गाला खुपू लागले होते. एकाच माणसाच्या मर्जीने सभा चालते व त्यामुळे कारभार महाग आणि संथ झाला आहे, असा त्यांचा आक्षेप होता. मेहता जस्टिसांच्या मतदारसंघातून निवडून येत असत. १९०७च्या निवडणुकीत या मतदारसंघात १६ उमेदवारांची एक यादी तयार करून ती संघटितपणे निवडून आणण्याचा प्रयत्न झाला. अकाउंटंट जनरल हॅरिसन, टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर आणि पोलीस आयुक्त गेल हे या गटात प्रमुख होते. हा गट कॉकस या नावाने ओळखला जातो.

यादीतील सर्व १६ उमेदवार निवडून आले आणि मेहता सतराव्या क्रमांकावर राहिले. महापालिकेच्या स्थापनेपासून असलेला माणूस बाहेर पडला आणि तोही सरकारी अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने, यामुळे शहरात खळबळ उडाली. पोलीस आयुक्तासारख्या अधिकाऱ्याने निवडणुकीत उतरावे काय, हा प्रश्न देशभरच्या वृत्तपत्रांनी चर्चिला. मेहता यांच्या मवाळ धोरणावर एरवी टीका करणारेही या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे विजयी उमेदवारांपैकी एकाची निवड न्यायालयात अपात्रतेमुळे रद्द झाली आणि पाठोपाठची मते असलेल्या मेहता यांना ती जागा मिळाली. कॉकसचा हेतू फसला. मेहता यांचे सभागृहातील वजन या प्रकरणाने वाढलेच.

एका प्रबळ इंग्रजी दैनिकाचा विरोध किती महाग पडू शकतो, हे या निवडणुकीने दाखवून दिले होते. मेहता यांच्या पुढाकाराने १९१३मध्ये बॉम्बे क्रॉनिकल हे इंग्रजी दैनिक सुरू झाले व बी. जी. हॉर्निमन त्याचे संपादक झाले.

राष्ट्रीय राजकारण

१८९२च्या कायद्यान्वये महापालिकेला मुंबई कायदेमंडळावर प्रतिनिधी पाठविता येऊ लागला आणि ही जागा मेहता यांना मिळाली. तेथून ते केंद्रीय कायदेमंडळावर गेले. १८९५मध्ये पोलीस विधेयकावर त्यांनी केलेल्या टीकेने सरकारी सदस्य अस्वस्थ झाले. कायदेमंडळात इतक्या उघडपणे बोलण्याची तोवर प्रथा नव्हती. १९०१मध्ये मुंबई कायदेमंडळात जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीला विरोध करून ते गोपाळ कृष्ण गोखले व अन्य काही सदस्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. केंद्रीय कायदेमंडळातील त्यांची जागा पुढे गोखले यांनी घेतली.

मोहनदास गांधी यांनी दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या प्रश्नावर १८९६मध्ये मुंबईत घेतलेल्या सभेचे अध्यक्षस्थान मेहता यांनी भूषविले. भाषण आधी लिहून काढावे, असा आग्रह त्यांनी धरला होता. गांधींचा आवाज मोठ्या सभागृहात पोचेना, तेव्हा ते भाषण वाच्छा यांनी वाचून दाखविले. काँग्रेसमध्ये मेहता यांचे टिळकांच्या जहाल गटाशी तीव्र मतभेद होते. १९०७चे अधिवेशन नागपूरहून सुरतला हलविण्यामागे त्यांचा हात असल्याचे मानले जाते. सुरतेस काँग्रेस फुटली आणि त्याचा दोष जहालांनी बहुतांशी त्यांच्याकडे दिला.

अखेरची वर्षे

मेहता यांना १८९४मध्ये सी.आय.ई. आणि १९०४मध्ये के.सी.आय.ई. हे किताब मिळाले. १९०५ व १९११मध्ये ते पुन्हा महापालिकेचे अध्यक्ष झाले. योगायोग असा की, १९०५मध्ये युवराज म्हणून मुंबईत आलेले जॉर्ज हेच १९११मध्ये राजे म्हणून आले. दोन्ही वेळा शहराचे प्रथम नागरिक मेहताच होते. त्याच वर्षी सोराबजी पोचखानवाला यांनी सुरू केलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९१५मध्ये त्यांची मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरुपदी नियुक्ती झाली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. फेब्रुवारीत गोखले वारले होते, त्यामुळे मवाळ पक्षाचे दोन प्रमुख आधार एकाच वर्षी नाहीसे झाले.

स्मारके

महापालिकेच्या मुख्य इमारतीसमोर मेहता यांचा उभा पुतळा १९२३मध्ये बसविण्यात आला. फोर्ट भागातील सर फिरोजशाह मेहता मार्ग आणि मलबार हिलवरील फिरोजशाह मेहता उद्यान (हँगिंग गार्डन) यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. होमी मोदी यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र १९२१मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या निधनानंतर १९२२मध्ये महिना १० रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूंना महापालिकेचा मताधिकार मिळाला, १९३१मध्ये अध्यक्षाला महापौर हे नाव मिळाले आणि १९४८मध्ये प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक झाली.